रिकाम्या टेकडीचे दोन खासदार

शुक्रवार

इंग्लंडमधल्या सॉल्सबरी स्टेशनाबाहेर पर्यटकांसाठी बस उभ्या असतात त्या स्टोनहेंजच्या. आमच्या डब्यातले बरेच जण उतरले आणि सरळ तिकडे वळले. आम्हाला जायचं होतं ओल्ड सॅरमला, शहराच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर असलेल्या टेकडीवर. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, मोजणीच्या कामात गेली. आपल्याकडच्या मोजणीचा एक धागा या टेकडीपर्यंत जाऊन पोचतो, हे कधीतरी वाचलं होतं आणि ते डोक्यातून गेलं नव्हतं. त्यामुळे पुतण्याकडे साउदॅम्प्टनला जायचं ठरलं तेव्हाच मी वाटेत सॉल्सबरीचा मुक्काम घालून टाकला. पुतण्या उद्या येणार होता. आज मी आणि सौ. दोघंच.

टेकडीच्या आधी शहरातलं कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च बघायचं, हा क्रम मुद्दाम लावला होता. कारण जुनं कॅथीड्रल त्या टेकडीवर होतं, आणि खालचं हे म्हणजे वरून उठून आलेलं बिऱ्हाड आहे. 1220 साली इथे पाया घातला आणि 1258पर्यंत मुख्य इमारत पुरी झाली. त्या काळात अशी कामं पिढ्यान् पिढ्या रखडत. हे अडतीस वर्षांत उरकलं. त्यावरचा टोकदार मनोरा मागाहून, चौदाव्या शतकात चढवला. उंची 123 मीटर, ब्रिटनमधल्या चर्चच्या मनोऱ्यांत सगळ्यांत जास्त. हा आकडा 2018मध्ये जगभर गाजला. शहरात एका माजी रशियन हेरावर विषप्रयोग झाला, संशयित म्हणून दोन रशियन पुढे आले आणि आपण केवळ 123 मीटरचा मनोरा आणि जुनं घड्याळ बघायला आलो होतो, असं त्यांनी टीव्हीवर सांगितलं. आकडा अचूक होता, एवढं मान्य करावं लागेल.

आत शिरल्यावर लोक माना वर करून छत बघत होते. मी खाली बघत होतो. मनोऱ्याच्या बरोबर खाली, फरशीत एक खूण आहे. 1668मध्ये वास्तुविशारद क्रिस्टोफर रेन यांनी या इमारतीची तपासणी केली, तेव्हा ओळंबा सोडून पाहिला. मनोरा नैर्ऋत्येकडे साडेएकोणतीस इंच झुकलेला निघाला. म्हणजे पाऊण मीटर! मूळ इमारत एवढं वजन पेलायला बांधलेलीच नव्हती. वर साडेसहा हजार टनांची भर पडली आणि मधले चार खांब वाकले. तिथे उभं राहून खांबाच्या कडेनं नजर वर नेली, की बाक साध्या डोळ्यांना दिसतो. मी तीन-चारदा नेली. सौ. म्हणाली, "अहो, लोक बघताहेत." बघू देत. इतक्या वर्षांत इतका सुंदर बाक मी पाहिला नव्हता.

त्याहून मजेची गोष्ट पायाची. एवढा डोलारा जेमतेम सव्वा मीटर खोल पायावर उभा आहे. खाली नदीकाठची वाळूमिश्रित खडी आणि त्या खडीत पाणी. फरशीतला एक दगड उचलून त्या भोकातून काठी आत सोडतात आणि पाणी किती वर आलंय ते मोजतात. आमच्यासमोर तिथल्या स्वयंसेवक बाईंनी काठी बाहेर काढून ओली खूण दाखवली. हे पाणी लक्षात ठेवायला हवं. उद्याच्या टेकडीची सगळी कथा पाण्यावाचून अडलेली आहे.

बाकीचं थोडक्यात. 1386च्या आसपासचं घड्याळ लोखंडी सांगाड्याचं आहे, त्याला तबकडीच नाही. तास झाला की ठोके देणार, बास. मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजालाही कायद्यानं बांधणाऱ्या सनदेच्या, 1215च्या ज्या चार प्रती उरल्या त्यांतली एक इथे आहे आणि ती चारांतली सगळ्यांत चांगली टिकलेली मानतात. अंधाऱ्या कोपऱ्यात, काचेआड, चामड्याच्या एकाच तावावर मुंगीएवढ्या अक्षरांत साडेतीन हजार शब्द. लॅटिन येत नसल्यामुळे मी हस्ताक्षर बघितलं. कारकून चांगला होता.

शनिवार

सकाळी पुतण्या आला आणि आम्ही बसनं निघालो. दहा मिनिटांत टेकडीचा फाटा. खालून पाहिलं तर काहीच नाही: हिरवा चढ, मेंढ्या, कुंपण. वर चढून बाहेरच्या बांधावर उभं राहिल्यावर मात्र रचना एकदम कळते. परातीच्या मधोमध वाटी पालथी घालावी तसा हा गड आहे. बाहेर मातीचा प्रचंड बांध आणि खंदक, मधे सपाट गवताळ पट्टा, आणि मध्यभागी दुसरा खोल खंदक ओलांडून वर बालेकिल्ला. बाहेरचा बांध इसवी सनापूर्वी 400च्या सुमाराचा, लोहयुगातला. आत साधारण 29 एकर. मी चालत जाऊन अंदाज घेतला, मनातल्या मनात गुंठे केले, आणि आकडा पटला.

बांधावर एके ठिकाणी ससे उकरून गेले होते. गवताखाली बोटभर माती आणि लगेच पांढरा खडू. अक्षरशः खडू, हाताला लागतो. त्यात काळसर चकमकीचे दगड रुतलेले. खडू पाणी धरत नाही. पडलेला पाऊस सरळ खाली जातो. आपल्याकडे गड बांधायचा तर आधी पाणी बघतात, नसलं तर कातळ फोडून टाकी खोदतात. इथे फोडायला कातळच नाही.

रोमन आले, त्यांचे रस्ते इथे पायथ्याशी एकत्र आले. नंतर सॅक्सन. आणि मग 1066मध्ये इंग्लंड जिंकल्यावर विल्यम राजाच्या नॉर्मन लोकांनी, आयता मिळालेल्या जुन्या बांधाच्या आत, मधोमध मातीचा उंचवटा रचून किल्ला केला. लाकडी पुलावरून आपण त्या बालेकिल्ल्यात जातो. पुतण्यानं चारी बाजूंना नजर फिरवली. कंबरेएवढ्या पडक्या भिंती, सगळा घडीव दगड काढून नेलेला, उरला तो चुना आणि चकमकीचा गाभा.

"काका, इथे बघायचं काय आहे नक्की?"

प्रश्न रास्त होता. बघायचं म्हणावं तर थोडं आहे. सांगायचं पुष्कळ आहे, आणि श्रोता आयताच मिळाला होता.

1086च्या ऑगस्टच्या पहिल्या तारखेला विल्यमनं देशातल्या महत्त्वाच्या जमीनदारांना इथे बोलावून घेतलं आणि त्यांच्याकडून थेट स्वतःशी निष्ठेची शपथ घेतली. मधल्या कुणा सरदाराचा माणूस असशील तरी आधी राजाचा, असा त्याचा अर्थ. त्याच वर्षी त्याची माणसं गावोगाव फिरून कुणाकडे किती जमीन, किती नांगर, किती गुरं, किती पाणचक्क्या, पूर्वी मालक कोण होता, आता कोण आहे, हे सगळं लिहून घेत होती. त्याचीच पुढे डूम्सडे नावाची बाडं झाली. जमिनीची नोंद आणि निष्ठेची शपथ एकाच वर्षात, हा योगायोग मानायला माझं मन तयार नाही. ज्याच्याकडे दप्तर, त्याच्याकडे राज्य. पुतण्या आयटीत आहे, तो म्हणाला, "म्हणजे डेटाबेस." म्हणा.

खंदकापलीकडे, बाहेरच्या सपाटीवर, वायव्येला जुन्या कॅथीड्रलचा पाया हिरवळीत आखून ठेवलाय. वरून बघताना नकाशा उलगडून ठेवल्यासारखा स्वच्छ दिसतो. 1092च्या एप्रिलमध्ये बिशप ओस्मंड यांनी त्याचं उद्‌घाटन केलं आणि पाच दिवसांत वादळानं त्याची मोडतोड केली. मग रॉजर नावाचे बिशप आले. त्यांच्याबद्दल अशी कथा सांगतात, की पहिला हेन्री राजा व्हायच्या आधी एकदा सैनिकांबरोबर चर्चमध्ये गेला आणि या साध्या पाद्र्यानं इतक्या झटपट प्रार्थना उरकली, की घाईतले सैनिक खूश झाले. हेन्रीनं त्यांना तिथूनच उचललं. पुढे हाच माणूस राजाच्या खालोखाल राज्य चालवू लागला. त्यांनी कॅथीड्रल वाढवलं, बालेकिल्ल्यात चौक ठेवून मोठा वाडा बांधला. 1139मध्ये नव्या राजानं त्यांना अटक करून किल्ला काढून घेतला आणि त्याच वर्षी ते गेले.

सौ.नं मात्र वेगळीच पाटी वाचून काढली होती. दुसऱ्या हेन्रीनं आपल्या राणीला, एलिनॉरला, मुलांच्या बंडाला साथ दिली म्हणून 1173मध्ये पकडलं आणि 1189मध्ये स्वतः मरेपर्यंत सोडलं नाही. त्यातली बरीच वर्षं तिनं इथे काढली. मॅग्ना कार्टावर ज्याला नाइलाजानं मोहोर उमटवावी लागली, तो जॉन राजा तिचाच धाकटा मुलगा. "सोळा वर्षं या वाऱ्यात?" सौ. म्हणाली आणि तिनं ओढणी कानाला गुंडाळली.

वारा खरंच फार होता. जून महिना, ऊन छान, पण तटाच्या कडेला गेलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. हीच तक्रार तेराव्या शतकात थेट पोपपर्यंत गेली होती. पोप होनोरिअस यांच्या 1218च्या पत्रात ती तपशिलानं आली आहे. वाऱ्यामुळे एकमेकांचं म्हणणं ऐकू येत नाही. छपराची सारखी डागडुजी. पाणी नाही, लांबून महागात आणावं लागतं. किल्लेदाराच्या मर्जीशिवाय ये-जा करता येत नाही. पांढऱ्या खडूवरच्या उन्हानं डोळे जातात. मी आयुष्यभर अर्ज वाचले आहेत. हा अर्ज कसलेल्या माणसानं लिहिलाय. यातलं खरं कलम मधे लपवलेलं आहे, ते किल्लेदाराचं. एका बांधाच्या आत शिपाई आणि पाद्री, दरवाजाच्या किल्ल्या शिपायांकडे. भांडण अटळ होतं. वारा तर ओस्मंड यांच्या काळीही होताच की.

कॅथीड्रल खाली हलवायची परवानगी मिळाली आणि बिशप रिचर्ड पूअर यांनी खाली नदीकाठच्या कुरणात नवं शहर वसवलं. लोक त्यांच्यामागे उतरले. बिशपनं टेकडीवरून बाण सोडला, तो हरणाला लागला, हरीण जिथे पडलं तिथे कॅथीड्रल बांधलं, अशी दंतकथा आहे. तीन किलोमीटर बाण लागलेलं हरीण पळालं म्हणे. जमीन बिशपच्या स्वतःच्या मालकीची होती, हे त्यापेक्षा सरळ कारण.

तटाच्या दक्षिण कडेवरून तो मनोरा दिसतो. मधे शेतं, झाडी, घरांची छपरं, आणि त्यांतून वर आलेलं टोक. आम्ही तिथेच वाऱ्याच्या आडोशाला बसून दशम्या खाल्ल्या. आणि मी मुख्य मुद्द्यावर आलो.

शहर खाली गेलं, घरं गेली, चौदाव्या शतकात कॅथीड्रलचे दगडही गेले. गेले नाहीत ते पार्लमेंटचे दोन खासदार. ओल्ड सॅरमला दोन सदस्य पाठवायचा हक्क होता आणि तो कुणी काढून घेतला नाही. मताचा हक्क होता जमिनीच्या ठरावीक तुकड्यांना. ज्याच्या नावावर तुकडा, त्याचं मत. मग ज्यानं सगळे तुकडे विकत घेतले त्याच्या खिशात दोन खासदार. अशा मतदारसंघांत निवडणुकीच्या आधी विश्वासू माणसांच्या नावे कागद करायचे आणि मतदान झालं की परत घ्यायचे, ही सर्रास चाल होती. फेरफार आज, रद्द उद्या. मत द्यायला ही मंडळी टेकडीखालच्या शेतात एका एल्म झाडाजवळ जमत. 1831मध्ये मतदार होते अकरा, आणि त्यांतला एकही इथे राहत नव्हता. त्याच काळात मँचेस्टर गिरण्यांनी भरून गेलं होतं आणि त्या शहराला स्वतःचा एकही खासदार नव्हता.

"विकत घेतलं कुणी?" पुतण्यानं विचारलं. आता त्याला रस आला होता.

घेतलं टॉमस पिट यानं, 1690च्या सुमारास. हा गडी ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नसताना बालासोरला जाऊन व्यापार करायचा. कंपनीनं त्याला कोर्टात खेचलं, दंड केला, तरी तो ऐकेना. शेवटी 1698मध्ये त्यालाच मद्रासचा गव्हर्नर केलं. तिथे त्यानं 48,000 होन मोजून गोवळकोंड्याच्या खाणीतला 410 कॅरटचा कच्चा हिरा घेतला आणि पैलू पाडून 1717मध्ये फ्रान्सच्या राजप्रतिनिधीला 1,35,000 पौंडांना विकला. तोच आज पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे, रीजंट नावानं. पिटचा नातू विल्यम 1735मध्ये पार्लमेंटात पहिल्यांदा गेला तो याच रिकाम्या टेकडीचा प्रतिनिधी म्हणून. पुढे तो देशाचा कारभारी झाला आणि 1766मध्ये भर सभागृहात म्हणाला, की असे मतदारसंघ म्हणजे राज्यघटनेचा कुजका भाग, तो शंभर वर्षंही टिकायचा नाही. टिकला सहासष्ट वर्षं. 1832च्या निवडणूक सुधारणेच्या कायद्यानं ओल्ड सॅरमचा मतदारसंघ गेला. ज्या पायरीनं वर चढलो तिला कुजकी म्हणायला धाडस लागतं, पण चढून झाल्यावर.

त्याआधी 1802मध्ये पिट घराण्यानं ही मालमत्ता अर्ल ऑफ कॅलेडन यांना विकली. साठ हजार पौंडांना, असं म्हणतात. जमिनीचं उत्पन्न वर्षाला सातशेच्या वर नव्हतं. बाकी किंमत दोन खासदारांची. आणि या कॅलेडन यांच्या वडिलांनी पैसा कमावला होता बंगालमध्ये, कंपनीच्या नोकरीत. म्हणजे ही ओसाड टेकडी दोनदा विकत घेतली गेली, आणि दोन्ही वेळा घेणाऱ्याच्या थैलीत हिंदुस्थानातला पैसा होता. इंग्रजांच्या इतिहासात ओल्ड सॅरम भ्रष्ट निवडणुकीचं उदाहरण म्हणून येतं. थैली कुठून भरली, हे त्या उदाहरणात सहसा येत नाही. मला विचाराल तर ते पाटीवर पहिल्या ओळीत हवं.

उतरताना माझं राहिलेलं काम केलं. गडाजवळ रस्त्याच्या कडेला एक साधी पाटी आहे: 1794मध्ये ब्रिटनच्या नकाशासाठी ओल्ड सॅरम ते बीकन हिल अशी सुमारे सात मैलांची आधाररेषा मोजली, तिचं हे टोक. उपकरणं बनवणाऱ्या रॅम्सडेनच्या शंभर फुटी पोलादी साखळीनं, मोजणी अधिकारी विल्यम मज यांच्या देखरेखीखाली. त्रिकोणमितीची मोजणी अशीच सुरू होते. एक बाजू जिवाचं रान करून जमिनीवर मोजायची आणि पुढचे सगळे त्रिकोण कोनांवरून सोडवायचे. 1802च्या एप्रिलमध्ये विल्यम लॅम्टननं मद्रासेत सेंट टॉमस माउंटजवळ हेच केलं, तशाच शंभर फुटी साखळीनं. त्यातून हिंदुस्थानची महान त्रिकोणमितीय मोजणी उभी राहिली. ज्या नकाशांच्या आधारानं आम्ही हद्दी दाखवल्या, त्यांची आजी ही. टेकडी कॅलेडनला विकली गेली तेही सालच 1802.

पाटीपाशी माझा फोटो काढताना सौ. म्हणाली, "राणीच्या वाड्यात एकही काढला नाहीत." म्हणून आम्ही तिघं परत वर गेलो.

रविवार

सकाळी कॅथीड्रलच्या आवाराची भिंत बघायला गेलो. 1331मध्ये तिसऱ्या एडवर्डनं वरच्या जुन्या कॅथीड्रलचे दगड काढून न्यायला परवानगी दिली होती, आणि त्यांतून ही भिंत उभी राहिली. बाहेरच्या रस्त्यानं निवांत चालत गेलं की साध्या दगडांमध्ये मधेच एखादा कोरीव तुकडा दिसतो: गोलाकार नक्षी, नागमोडी पट्टी, आडवा-उभा कसाही बसवलेला. गवंड्याला दगड हवा होता, नक्षीशी देणंघेणं नव्हतं. पुतण्यानं सहा शोधले, सौ.नं आठ. दोन दगडांवरून त्यांचं भांडण झालं.

आतमध्ये ओस्मंड यांची दगडी समाधीही आहे, तीही वरून हलवलेली. तिच्या बाजूला भोकं आहेत. दुखरा हात-पाय त्यांत घातला की बरा होतो अशी श्रद्धा होती. माझा गुडघा शिडीशिवाय पोचला असता, पण सौ.नं डोळे वटारले.

नव्या गावात पाण्याची चैन होती. रस्त्यांच्या मधून उघडे पाट वाहत. टेकडीवर पाणी नाही म्हणून खाली आले आणि खाली त्याच पाण्यात सगळी घाण सोडली. 1849मध्ये कॉलऱ्यानं शहराची दाणादाण उडाली, तेव्हा पाट बुजवून गटारं बांधली. त्या खोदकामात निघालेल्या वस्तू तिथल्या म्युझियममध्ये मांडल्या आहेत: किल्ल्या, चमचे, कात्र्या, यात्रेकरूंचे शिशाचे बिल्ले. आम्हाला दहा मिनिटांत उरकायचं होतं, तास गेला.

दुपारी एव्हन नदीच्या काठानं स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसल या गावापर्यंत चालत गेलो. ओल्ड सॅरमच्या बरोबर पायथ्याचं गाव. गवताच्या छपरांची घरं, दगडी चर्च, आणि मागे तो हिरवा बांध. चर्चच्या मनोऱ्यावर मोठ्या अक्षरांत कोरलंय: टॉ. पिट, दाता, 1711.

पुतण्या खूश झाला. "काका, हा तर हिऱ्याचा पैसा!"

मी तारखा लावल्या. हिरा विकला गेला 1717मध्ये. टेकडी घेतली 1690च्या सुमारास. मनोरा 1711चा, म्हणजे साहेब मद्रासहून परत येऊन वर्षच झालेलं. टेकडी असो की मनोरा, दोन्ही वेळी हिऱ्याचे पैसे हातात आलेच नव्हते.

"मग कसला?"

"वरकमाईचा," सौ. म्हणाली. गव्हर्नरचा पगार त्या काळी किती होता, हे तिनं माझ्याकडून कालच ऐकलं होतं.